सर्व्हरची देखरेख: व्यग्रतेपेक्षा खोळंबा मोजावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्सच्या काही सर्व्हरवर एक वेब अ‍ॅप्लिकेशन आणि त्याचा डेटाबेस चालतो. प्रोसेसरचा आलेख ५० टक्क्यांच्या वर क्वचितच जातो, मेमरी मात्र कायम ९० टक्क्यांच्या पुढे भरलेली दिसते, आणि दिवसातून काही वेळा सगळे संथ झाल्याची तक्रार वापरकर्ते करतात. देखरेखीच्या प्रणालीकडून इशारे इतके येतात की ते वाचणेच बंद झाले आहे. तर मग नेमके काय मोजावे, किती अंतराने मोजावे आणि इशारा कोणत्या आकड्याला लावावा?

सध्या सगळा भर सर्व्हर किती व्यग्र आहे हे मोजण्यावर आहे. तो भर काम कुठे आणि किती वेळ खोळंबते हे मोजण्यावर आणला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. प्रोसेसर ५० टक्के वापरात आहे किंवा डिस्क ७० टक्के वापरात आहे, हे आकडे पुढील वर्षाच्या क्षमतेचा अंदाज बांधताना उपयोगी पडतात. पण या क्षणी कोणाचे काम अडले आहे का, हे त्यांवरून कळत नाही, आणि वापरकर्त्याला जाणवते ती गोष्ट तेवढीच असते.

व्यग्रतेचा आकडा अपुरा का पडतो, हे रांगेच्या गणितातून स्पष्ट होते. विनंत्या ठरावीक लयीत न येता केव्हाही येत असतील, प्रत्येकीला लागणारा वेळ कमीजास्त असेल आणि काम करणारा एकच असेल, तर साध्या प्रतिमानानुसार विनंतीला लागणारा एकूण वेळ हा प्रत्यक्ष कामाच्या वेळेला शिल्लक क्षमतेने भागून मिळतो. एका कामाला १० मिलिसेकंद लागत असतील, तर ५० टक्के वापरावर सरासरी २० मिलिसेकंद लागतात, ८० टक्क्यांवर ५०, ९० टक्क्यांवर १०० आणि ९५ टक्क्यांवर २०० मिलिसेकंद लागतात. वापर ९० वरून ९५ टक्क्यांवर गेला, ही वाढ आलेखावर डोळ्यांना जेमतेम दिसते, पण वापरकर्त्याला तेवढ्यात दुप्पट थांबावे लागते. अनेक कोअर असलेल्या यंत्रावर ही चढण उशिरा सुरू होते, मात्र सुरू झाल्यावर ती अधिक उभी असते.

त्यात सरासरीची भर पडते. पाच मिनिटांच्या सरासरीत ५० टक्के दिसणारा प्रोसेसर प्रत्यक्षात एक मिनिट पूर्ण १०० टक्क्यांवर आणि उरलेली चार मिनिटे साडेसदतीस टक्क्यांवर असू शकतो. त्या एका मिनिटात आलेल्या प्रत्येकाचे काम अडलेले असते आणि आलेख मात्र शांत दिसतो. सिसस्टॅट या परिचित साधनसंचातील सार हे साधन सहसा दर १० मिनिटांनी एक नोंद ठेवते. महिन्यांचा कल पाहायला ती नोंद उत्तम आहे, पण मिनिटाभराच्या खोळंब्याचा शोध तिच्यातून लागत नाही. म्हणून मूलभूत मापे दर १० ते १५ सेकंदांनी घ्यावीत, असे मी सुचवेन. तक्रार चालू असतानाच यंत्रावर जाऊन पाहायचे असेल तर व्हीएमस्टॅट (प्रोसेसर आणि मेमरीसाठी) आणि आयओस्टॅट (डिस्कसाठी) ही साधने एकेका सेकंदाच्या अंतराने चालवावीत, आणि त्यांनी दिलेली पहिली नोंद सोडून द्यावी, कारण ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते.

मोजमापाची सुरुवात यंत्रापासून न करता विनंतीपासून करावी. दर सेकंदाला किती विनंत्या आल्या, त्यांपैकी किती अपयशी ठरल्या आणि यशस्वी विनंत्यांना किती वेळ लागला, ही तीन मापे नसतील तर बाकीचे शंभर आलेख असूनही सर्व्हर नीट चालला आहे की नाही हे सांगता येत नाही. गूगलच्या अभियंत्यांनी प्रतिसादाचा वेळ, वाहतूक, त्रुटी आणि संपृक्तता (क्षमता किती भरत आली आहे) अशी चार मापे पायाभूत मानली आहेत. त्यांतील पहिली तीन हीच आहेत आणि चौथे, म्हणजे संपृक्तता, हे खोळंब्याचेच माप आहे. अपयशी विनंत्यांचा वेळ वेगळा ठेवावा, कारण डेटाबेसशी जोडणी न झाल्यामुळे दोन मिलिसेकंदांत परत आलेली त्रुटी सरासरीला उलट सुधारून दाखवते.

प्रतिसादाच्या वेळेची सरासरी जवळजवळ निरुपयोगी असते. तिच्याऐवजी ५०वा, ९५वा आणि ९९वा शततमक पाहावा. शततमक म्हणजे तेवढे टक्के विनंत्या ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात तो वेळ. ९९व्या शततमकाबाहेरची विनंती म्हणजे शंभरात एखादीच, असे वाटून तिकडे दुर्लक्ष होते. पण एक पान तयार करण्यासाठी आतल्या आत १०० स्वतंत्र विनंत्या लागत असतील, तर त्यांतली निदान एक तरी त्या संथ एक टक्क्यात सापडण्याची शक्यता ६३ टक्के असते. म्हणजे निम्म्याहून अधिक पाने संथ होतात. आणखी एक काळजी अशी की चार सर्व्हरवरच्या ९९व्या शततमकांची सरासरी काढून ‘एकूण ९९वा शततमक’ मिळत नाही. त्यासाठी प्रत्येक सर्व्हरवर वेळेचे गट पाडून त्या गटांतील संख्या साठवाव्या लागतात, त्यांची बेरीज करावी लागते आणि मग शततमक काढावा लागतो.

आता प्रश्नातल्या लक्षणाकडे येतो. प्रोसेसर अर्धा रिकामा आणि तरीही सगळे संथ, असे दिसले की माझे लक्ष सर्वांत आधी अ‍ॅप्लिकेशनच्या आतल्या रांगांकडे जाते. वेब सर्व्हरचे थ्रेड (एकाच वेळी वेगवेगळ्या विनंत्या हाताळणारे धागे) किती, डेटाबेसच्या जोडण्यांचा साठा किती, आणि त्यांपैकी किती या क्षणी गुंतलेल्या आहेत, हे बहुतेक ठिकाणी मोजलेच जात नाही. लिटलचा नियम, म्हणजे दर सेकंदाच्या विनंत्या गुणिले प्रत्येकीचा वेळ बरोबर एका वेळी चालू असलेली कामे, इथे थेट उपयोगी पडतो. दर सेकंदाला २०० विनंत्या येत असतील आणि प्रत्येक विनंती डेटाबेसची जोडणी ५० मिलिसेकंद धरून ठेवत असेल, तर सरासरी १० जोडण्या गुंतलेल्या असतात. एखाद्या क्वेरीसाठी (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नासाठी) निर्देशांक, म्हणजे नोंदी पटकन शोधणारी सूची, वापरला जाणे थांबले, एखादे कुलूप (एकाच नोंदीत दोघांनी एकदम बदल करू नये म्हणून डेटाबेस लावतो ते) दीर्घकाळ धरले गेले किंवा रात्रीचा अहवाल दुपारी चालवला गेला आणि तोच वेळ २५० मिलिसेकंद झाला, तर ५० जोडण्या लागतात. साठा २० जोडण्यांचा असेल तर उरलेल्या विनंत्या रांगेत उभ्या राहतात, आणि रांगेत उभे राहण्याला प्रोसेसर लागत नाही. परिणामी प्रोसेसरचा आलेख खाली येतो आणि तक्रारी वाढतात. जोडण्यांचा कमाल आकडा, त्यांपैकी गुंतलेल्या जोडण्या, जोडणी मिळेपर्यंतचा सरासरी आणि कमाल वेळ, तसेच डेटाबेसमध्ये कुलपासाठी थांबलेल्या क्वेरींची संख्या ही चार मापे लावली की अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा पहिल्याच दिवशी सापडते. साठा वाढवून टाकणे हा उपाय मात्र जपून करावा. जोडण्या वाढल्या की तोच खोळंबा डेटाबेसच्या आत जातो आणि तिथे तो शोधणे अधिक अवघड होते.

यानंतर यंत्राकडे वळावे. लिनक्सवरील लोड अ‍ॅव्हरेज हा आकडा पुष्कळांना प्रोसेसरचा भार वाटतो, पण १९९३ पासून लिनक्समध्ये त्यात धावणाऱ्या आणि धावण्यासाठी थांबलेल्या कामांखेरीज, डिस्क किंवा तत्सम गोष्टीची वाट पाहत मध्येच उठवता न येणाऱ्या अवस्थेत असलेली कामेही मोजली जातात. चालू कामांची यादी दाखवणाऱ्या टॉप या साधनात अशी कामे ‘डी’ या अक्षराने दिसतात. नेटवर्कवरून जोडलेली फाइलव्यवस्था अडकली, तर प्रोसेसर पूर्ण रिकामा असूनही लोड १००च्या वर गेलेला दिसू शकतो. त्यामुळे लोड हा काहीतरी थांबले आहे एवढे सांगणारा आकडा म्हणून चांगला आहे, पण काय थांबले आहे ते त्यातून कळत नाही, आणि ‘लोड कोअरच्या संख्येपेक्षा जास्त म्हणजे इशारा’ हा सर्वत्र आढळणारा नियम मी लावत नाही.

प्रोसेसरचा वेळ पाहताना तो एकत्र न पाहता त्याचे भाग वेगळे पाहावेत. आयओवेट हा मुळात प्रोसेसरचा रिकामाच वेळ असतो. त्या वेळी डिस्कचे एखादे काम पूर्ण व्हायचे बाकी आहे, इतकीच त्यात भर असते. म्हणून डिस्क तितकीच संथ असताना दुसरे एखादे गणनेचे काम सुरू झाले की आयओवेट खाली येतो आणि डिस्क सुधारली असा चुकीचा समज होतो. आभासी यंत्रावर स्टील हा भाग अवश्य पाहावा: आपल्या यंत्राला धावायचे होते, पण खालच्या प्रत्यक्ष यंत्राने तो वेळ दुसऱ्याला दिला, असे तो सांगतो, आणि तो सतत काही टक्के असेल तर आपल्या यंत्रावर कितीही फेरफार करून उपयोग होत नाही. कंटेनर (अ‍ॅप्लिकेशनला यंत्राचा ठरावीक वाटा देऊन वेगळे चालवण्याची सोय) वापरत असल्यास आणखी एक जागा तपासावी. कंटेनरला दिलेला प्रोसेसरचा कोटा सहसा १०० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत वाटला जातो. दोन कोअरचा कोटा असलेल्या अ‍ॅप्लिकेशनचे आठ थ्रेड एकदम धावले, तर तुकड्याचा सगळा वाटा २५ मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले ७५ मिलिसेकंद सगळे थ्रेड थोपवले जातात. मिनिटाच्या सरासरीत वापर कमी दिसतो आणि प्रतिसादाचा वेळ मात्र वाढलेला असतो. किती तुकड्यांत असे थोपवले गेले याची मोजणी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठेवतो; ती आलेखावर आणावी.

या सगळ्यापेक्षा सरळ असे एक माप २०१८ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स ४.२० पासून उपलब्ध आहे आणि ते अजूनही पुरेसे वापरले जात नाही, याची मला खंत वाटते. त्याला प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन म्हणतात. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी प्रत्येकासाठी, गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत किती टक्के वेळ निदान एक काम त्या गोष्टीच्या अभावी अडले होते, आणि मेमरी व डिस्क यांच्या बाबतीत किती टक्के वेळ सगळीच कामे अडली होती, असे आकडे ते देते. म्हणजे व्यग्रतेवरून अंदाज बांधण्याऐवजी खोळंबाच थेट मोजला जातो. मेमरीच्या बाबतीत ‘सगळी कामे अडली’ हा आकडा काही टक्क्यांवर टिकून राहिला, तर यंत्र गंभीर अडचणीत आहे असे समजावे, मग वापराचा आलेख काहीही म्हणो. काही लिनक्स वितरणांत ही सोय बंद ठेवलेली असते आणि यंत्र सुरू होतानाच्या पर्यायांत ती चालू करावी लागते. तेवढे कष्ट घेण्यासारखी ती नक्कीच आहे.

मेमरी ९० टक्के भरलेली दिसणे हा दोष नाही. रिकामी पडलेली मेमरी लिनक्स नुकत्याच वाचलेल्या फाइलींसाठी वापरतो आणि गरज पडली की ती लगेच मोकळी करतो. डेटाबेसच्या सर्व्हरवर तर तसे होणेच हिताचे असते. ‘मोकळी’ मेमरी न पाहता ‘उपलब्ध’ मेमरी पाहावी. हा अंदाज लिनक्स ३.१४ पासून कर्नल स्वतः देतो. प्रश्नात उल्लेखलेल्या इशाऱ्यांपैकी बरेचसे याच चुकीच्या मापावर लावलेले असणार आणि ते काढून टाकले तर काहीही गमावले जाणार नाही. स्वॅपचे, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवून ठेवण्याच्या जागेचेही तसेच आहे. स्वॅपमध्ये काही जागा व्यापलेली असणे निरुपद्रवी असते, कारण कधीकाळी लागलेली आणि पुन्हा न लागलेली मेमरीची पाने (तुकडे) तिथे पडून राहतात. पण पाने सतत आत-बाहेर होत असतील, म्हणजे व्हीएमस्टॅटमधील ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे दोन्ही स्तंभ मिनिटामागून मिनिट शून्याच्या वर राहत असतील, तर काम खोळंबले आहे. मेमरी खरोखर संपली की कर्नल एखादी प्रोसेस बंद पाडतो आणि तशी नोंद कर्नलच्या लॉगमध्ये करतो. निवड बहुधा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसची होते, म्हणजे नेमकी डेटाबेसची. ती आपोआप पुन्हा सुरू झाली तर कोणाला पत्ताही लागत नाही, म्हणून त्या नोंदीवर इशारा असलाच पाहिजे.

डिस्कच्या बाबतीत दोन स्वतंत्र प्रश्न असतात: ती किती वेगाने उत्तर देते आणि तिच्यात किती जागा उरली आहे. वेगासाठी आयओस्टॅटमधील ‘वापर टक्के’ हा स्तंभ जुन्या फिरत्या डिस्कला ठीक होता. एका वेळी अनेक कामे करणाऱ्या, फिरता भाग नसलेल्या एनव्हीएमई डिस्कवर तो १०० दिसला तरी तिच्यात पुष्कळ क्षमता शिल्लक असू शकते, कारण त्या काळात निदान एक काम चालू होते एवढेच तो सांगतो. त्याऐवजी वाचन आणि लेखन यांना लागणारा प्रत्यक्ष वेळ वेगवेगळा पाहावा, रांगेची सरासरी लांबी पाहावी आणि त्यांची तुलना त्याच डिस्कच्या चांगल्या दिवसांशी करावी. फिरत्या डिस्कला विखुरलेल्या वाचनासाठी ५ ते १० मिलिसेकंद लागणे स्वाभाविक आहे, तर एनव्हीएमई डिस्कवर एक मिलिसेकंदाच्या पुढे गेलेली सरासरी चौकशीला पात्र ठरते. क्लाउडवरील डिस्कला दर सेकंदाच्या कामांची ठरवून दिलेली मर्यादा असते. तिला पोहोचल्यावर वेळ एकाएकी वाढतो आणि डिस्क बिघडल्यासारखी वाटते.

जागेसाठी टक्क्यांची मर्यादा लावणे मला पटत नाही. १० टेराबाइटच्या डिस्कवर ९० टक्के भरल्यावरही १ टेराबाइट उरतो आणि कदाचित तो वर्षभर पुरेल. २० गिगाबाइटच्या डिस्कवर उरलेले २ गिगाबाइट एक बिथरलेला लॉग काही मिनिटांत संपवतो. सध्याच्या वेगाने जागा किती वेळात संपेल, हे काढून त्यावर इशारा लावावा: चार तासांत संपणार असेल तर कोणालातरी उठवावे, चार दिवसांत संपणार असेल तर कामाच्या यादीत नोंद जावी. प्रोमिथियस या देखरेखीच्या साधनात सरळ रेषेने पुढचा अंदाज करणारी सोय तयार आहे आणि ती यासाठी पुरेशी आहे. याच्या जोडीला तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लहानलहान फाइलींची गर्दी झाली तर जागा असूनही आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंद) संपतात आणि त्रुटी मात्र ‘जागा नाही’ अशीच येते. पुसलेली फाइल एखाद्या प्रोसेसने उघडी ठेवली असेल तर ती प्रोसेस ती फाइल सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. आणि एक्सटी४ फाइलव्यवस्था तयार होताना सहसा ५ टक्के जागा रूट (प्रशासक) वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, त्यामुळे इतरांना डिस्क आधीच भरलेली दिसते.

यंत्राचे आरोग्य हा कामगिरीपेक्षा वेगळा विषय आहे, कारण बिघडत चाललेले भाग बरेच दिवस उत्तम काम करत राहतात. डिस्क स्वतःच्या आरोग्याविषयी ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींपैकी ५, १८७, १८८, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी पाहाव्यात. पाचवी नोंद दुसरीकडे हलवलेल्या सेक्टरांची आणि १९७वी संशयित सेक्टरांची संख्या सांगते. त्यांत आकडा शून्यावरून हलणे आणि वाढत राहणे या दोहोंना महत्त्व द्यावे. गूगलने एक लाखाहून अधिक डिस्कवर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिली स्कॅन त्रुटी आल्यानंतर ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता त्रुटी नसलेल्या डिस्कच्या ३९ पट आढळली. त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर सर्वांत बोलक्या चार नोंदींपैकी एकीतही काही दिसले नव्हते. म्हणून स्मार्टचा इशारा आला तर तो खरा मानून डिस्क बदलावी, पण इशारा आला नाही यावर विसंबून बॅकअपमध्ये ढिलाई करू नये. एनव्हीएमई डिस्कवर झिजेचे टक्के, शिल्लक राखीव जागा आणि माध्यमातील त्रुटी या नोंदी पाहाव्यात.

यानंतर ज्या भागांना जोडीदार आहे ते भाग येतात, आणि अनुभवी लोकही इथे गाफील राहतात. रेडमधील, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या संचातील, एक डिस्क गेली तरी काम चालू राहते. दोन वीजपुरवठ्यांपैकी एक बंद पडला तरी यंत्र चालू राहते. एक पंखा थांबला तर बाकीचे वेगाने फिरतात. जोडीदार देण्यामागचा हेतूच काम न थांबवण्याचा असल्यामुळे पहिला बिघाड वापरकर्त्याला कधीच कळत नाही आणि दुसरा बिघाड सगळे थांबवतो. म्हणून रेडची स्थिती, वीजपुरवठे, पंखे आणि तापमान ही मापे यंत्राचे भाग दुरून तपासणाऱ्या आयपीएमआय किंवा त्यानंतर आलेल्या रेडफिश या व्यवस्थेतून नियमित घ्यावीत. रेड कार्डावरील कॅशेची (तात्पुरत्या साठवणीची) बॅटरी संपली की कार्ड लेखनाची पद्धत बदलून सुरक्षित पण बऱ्याच संथ मार्गाने लिहू लागते. एका रात्रीत डेटाबेसचे लेखन कारण न कळता मंदावले असेल तर ही बॅटरी तपासावी. ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणाऱ्या) मेमरीतील दुरुस्त झालेल्या चुका एकाच पट्टीवर वाढत असतील तर ती पट्टी पुढच्या ठरलेल्या देखभालीत बदलावी. सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेचे तापमान १८ ते २७ अंश सेल्सिअस असावे, अशी अ‍ॅशरे या संस्थेची शिफारस आहे. त्याहून बरीच गरम हवा आत येऊ लागली आणि पंखे अपुरे पडले की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि पुन्हा तेच चित्र दिसते, म्हणजे वापर नेहमीसारखा आणि काम मात्र संथ.

नेटवर्कविषयी थोडक्यात. किती माहिती गेली यापेक्षा टाकून दिलेली पाकिटे, त्रुटी आणि टीसीपीने (माहिती पोहोचल्याची खात्री करणाऱ्या नियमसंचाने) पुन्हा पाठवलेल्या खंडांचे प्रमाण पाहावे. जोडणीचा ठरलेला वेगही मापांत असावा, कारण सदोष केबलमुळे १००० मेगाबिटची जोडणी १०० वर उतरते आणि त्याविषयी कोणतीही तक्रार न करता चालू राहते. एसएनएमपी या नेटवर्कवरून उपकरणांची मापे घेण्याच्या पद्धतीने मोजत असाल तर ६४ बिटांचे मोजक वापरावेत. १ गिगाबिटची जोडणी पूर्ण भरून वाहत असेल तर ३२ बिटांचा बाइटमोजक सुमारे ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो आणि मिनिटाच्या अंतराने घेतलेले माप निव्वळ चुकीचे ठरते.

कामगिरीशी संबंध नसलेल्या, पण सेवा पूर्ण बंद पाडणाऱ्या काही गोष्टी याच प्रणालीत बसवाव्यात. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या सार्वजनिक टीएलएस प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी ठरलेली आहे, त्यामुळे मुदत संपण्याची तारीख यंत्रानेच पाहायला हवी. घड्याळ किती मागेपुढे आहे, एकेका प्रोसेसने किती फाइली उघडल्या आहेत आणि तिची मर्यादा किती, तसेच शेवटचा यशस्वी बॅकअप किती तासांपूर्वी झाला आणि त्याचा आकार आधीच्याशी जुळतो का, हेही मोजावे.

आता इशाऱ्यांविषयी, कारण प्रश्नातली खरी वेदना तिथे आहे. माणसाला झोपेतून उठवणाऱ्या प्रत्येक इशाऱ्याला तीन अटी लावाव्यात: वापरकर्त्याला आत्ता त्रास होत आहे किंवा काही तासांत नक्की होणार आहे, माणसाने काही केले तर तो टळेल, आणि काय करायचे ते इशाऱ्यासोबत लिहिलेले आहे. या तिन्हींत न बसणारा इशारा सकाळच्या यादीत जावा किंवा काढून टाकावा. प्रोसेसरच्या वापरावर लावलेला इशारा या कसोटीवर जवळजवळ कधीच टिकत नाही. प्रतिसादाचा वेळ आणि त्रुटींचे प्रमाण यांवरील इशारे टिकतात, आणि कारण शोधण्यासाठी बाकीचे आलेख तयार असतातच.

आकडा ठरवताना आधी किती अपयश चालेल ते ठरवावे. ९९.९ टक्के उपलब्धतेचे उद्दिष्ट असेल तर ३० दिवसांत ४३.२ मिनिटांइतके अपयश मान्य आहे. त्यातला २ टक्के वाटा एकाच तासात संपत असेल, म्हणजे त्रुटी मान्य वेगाच्या १४.४ पट वेगाने येत असतील, तर लगेच उठवावे. याच उद्दिष्टासाठी हा आकडा दर हजार विनंत्यांत सुमारे १४ त्रुटी असा होतो. तासाभराच्या मापाच्या जोडीला पाच मिनिटांचे मापही वर असल्याची अट घातली तर त्रास संपल्यावर इशाराही लवकर विझतो. संथ गळतीसाठी दिवसांच्या मुदतीवर वेगळा, सौम्य इशारा ठेवावा. जिथे साधी मर्यादाच लावायची असेल तिथे ती ५ किंवा १० मिनिटे टिकल्यावरच इशारा जावा, आणि इशारा संपण्याची मर्यादा सुरू होण्याच्या मर्यादेपेक्षा थोडी खाली ठेवावी, म्हणजे सीमेवर हेलकावे खाणारा आकडा रात्रभर निरोप पाठवत राहणार नाही.

माप न मिळणे हाही इशाराच आहे. सर्व्हर बंद पडला की त्याची मापे थांबतात, आणि ‘९० पेक्षा जास्त’ अशी अट लिहिलेली असेल तर नसलेले माप तिच्यात कधीच बसत नाही. देखरेखीची प्रणाली स्वतः दुसऱ्या जागी असावी, एक चाचणी पूर्णपणे बाहेरच्या नेटवर्कवरून वापरकर्त्याप्रमाणे पान उघडून पाहणारी असावी, आणि देखरेखीच्या प्रणालीकडून नियमित जाणारा ‘मी चालू आहे’ हा निरोप थांबला तर तिसऱ्याच कोणीतरी हाक द्यावी.

साधन कोणते, यावर फार वेळ घालवू नये. २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये सुरू झालेले प्रोमिथियस, त्याच्या जोडीला आलेख दाखवणारे ग्राफाना, किंवा एकाच ठिकाणी सगळे देणारे झॅबिक्स, यांपैकी जे आपल्या लोकांना सांभाळता येईल ते घ्यावे. प्रोमिथियस काही न सांगता १५ दिवसांची मापे ठेवते. वर्षभराचा कल हवा असेल तर ती मुदत वाढवावी किंवा मापे दुसरीकडे साठवावीत, आणि वापरकर्त्याचा क्रमांक किंवा पूर्ण पत्ता यांसारख्या अगणित मूल्यांच्या खुणा मापांना लावू नयेत, कारण त्यामुळे देखरेखीचा सर्व्हरच मेमरीअभावी कोसळतो. आलेखांवर नवी आवृत्ती बसवल्याची आणि मांडणी बदलल्याची वेळ उभ्या रेषेने दाखवावी. बिघाडाच्या वेळी ‘नुकतेच काय बदलले’ हा पहिला प्रश्न असतो आणि त्या रेषा त्याचे उत्तर देतात.

इशारे लावून झाले की ते खरोखर येतात का, हे चाचणीच्या सर्व्हरवर करून पाहावे. डिस्क मुद्दाम भरावी, अ‍ॅप्लिकेशनची प्रोसेस थांबवावी, डेटाबेसमध्ये एक कुलूप पाच मिनिटे धरून ठेवावे, नेटवर्कमध्ये कृत्रिम विलंब घालावा, आणि निरोप योग्य माणसाच्या फोनपर्यंत किती मिनिटांत पोहोचला ते लिहून ठेवावे. हा सराव दर तिमाहीत आणि संघात नवी व्यक्ती आल्यावर पुन्हा करावा. सूचना वाचून त्या व्यक्तीला पुढची पायरी कळली नाही, तर त्या इशाऱ्यासोबतचा मजकूर त्याच दिवशी दुरुस्त करावा.